अटकेपार कोण गेलं?

भिवंडीजवळच्या मानकोली नाक्यावर चहा घेताना समोरच्या वाढदिवसाच्या फलकावरून वाद निघाला. कुठल्याशा भाऊंनी म्हणे 'अटकेपार झेंडे' लावले होते. बाकड्यावरच्या दोघांनी या वाक्प्रचाराच्या दोन जन्मकथा सांगितल्या, अगदी छातीठोकपणे. दोन्ही लंगड्या आहेत.

पहिली कथा अशी: सिंधू ओलांडायला हिंदूंना मनाई, म्हणून ते ठिकाण 'अटक', ती मनाई मराठ्यांनी मोडली. पण अटकेचा किल्ला अकबराने बांधला 1580 च्या दशकात आणि त्याच दशकात त्याचा सेनापती मानसिंह सिंधूपलीकडे काबूलचा कारभार पाहत होता. मुलतानचे हिंदू व्यापारी बुखाऱ्यापर्यंत जात. बाकूजवळ सुराखानीच्या अग्निमंदिरात अठराव्या शतकातले देवनागरी शिलालेख आजही आहेत. मनाई पोथीत असेल. वाटेवरच्यांनी ती फारशी मनावर घेतलेली दिसत नाही.

दुसरी कथा: राघोबादादांनी स्वतः अटकेवर जरीपटका रोवला. दादा एप्रिल 1758 मध्ये लाहोरला पोहोचले आणि महिनाभरातच माघारी वळले. 4 मेच्या पत्रात ते लाहोर, मुलतान, काश्मीर हे सुभे मोजतात, तेही अटकेच्या अलीकडचे म्हणून! पुढचा मुलूख मागे ठेवलेल्या सरदारांवर सोपवला. 1759 मध्ये अब्दाली पुन्हा उतरला आणि आपली ठाणी उठली. मोहिमेतून पेशव्यांच्या पदरी पडलं ते कर्ज.

मग वाक्प्रचार मोडीत काढायचा? मुळीच नाही. पुण्यापासून दीड हजार किलोमीटरहून लांबच्या ठिकाणाचं नाव घराघरात बोललं जातं, ही कमाई लहान नाही. आक्षेप आहे तो 'झेंडा' या शब्दावर भर देण्याला. खरा शब्द 'पार' आहे, आणि पार जाणं म्हणजे काय ते भिवंडीला विचारावं.

हे गोदामांचं गाव मुंबईच्या जकातीने वाढवलं. मुलुंडच्या जकात नाक्यावर गाडी तासात सुटेल की रात्र काढेल, नेम नसे. म्हणून माल अलीकडेच, पूर्णा-काल्हेर-राहनाळला उतरवायचा आणि लागेल तसा आत न्यायचा. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली. गोदामं मात्र हलली नाहीत. ये-जा एव्हाना हाडीमासी मुरली होती. सीमा आता मोबाईलमध्ये आहे: मालवाहतुकीच्या ई-वे बिलाची मुदत दर 200 किलोमीटरला एक दिवस. गाडी कोंडीत अडकली की मुदत वाढवून घ्यायची धावपळ.

आमच्या वादात इतका वेळ गप्प बसलेला एक ड्रायव्हर होता. मागाचं कापड भरून तो लुधियानाला निघाला होता, म्हणजे दादांनी मार्च 1758 मध्ये जिंकलेल्या सरहिंदवरूनच. ताडपत्रीची दोरी हाताला गुंडाळत तो म्हणाला, "जायला काय, कुणीबी जातंय. परतीचं भाडं गावलं पाहिजे."

राघोबादादांच्या मोहिमेवर याहून नेमकं भाष्य मी ऐकलेलं नाही. पुढच्या खेपेला फलकावर अटक काढायचीच झाली, तर झेंड्याशेजारी परतीचं भाडंही लिहावं.