माणूस घडविण्याचा अधिकार कोणाचा?

मनुष्यस्वभाव फारसा बदलत नाही, हे गृहीत धरूनच आजवरची राज्यव्यवस्था उभी राहिली. माणूस लोभी आहे म्हणून कायदा हवा. मर्त्य आहे म्हणून वारसाहक्क हवा. आणि जन्मतः कोणीही दुसऱ्याचा धनी नसतो म्हणून प्रत्येकास एकच मत हवे. हे गृहीतच आता डळमळू लागले आहे.

ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ ज्यूलियन हक्सली यांनी १९५७ साली ‘ट्रान्सह्यूमॅनिझम’ या नावाचा निबंध प्रसिद्ध केला, तेव्हा माणसाने माणूसपणाच्या मर्यादा ओलांडाव्यात, ही केवळ एका विचारवंताची आकांक्षा होती. नोव्हेंबर २०१८ मध्ये हे जियानकुई या चिनी संशोधकाने जनुकांत फेरफार केलेल्या जुळ्या मुली जन्मल्याचे जाहीर केले. एड्सच्या विषाणूस प्रतिकार, हा त्यामागील उद्देश सांगण्यात आला. तथापि, भ्रूणात केलेला असा बदल पुढील पिढ्यांतही उतरू शकतो, आणि त्या पिढ्यांची संमती कोणीच घेऊ शकत नाही. शेन्झेनच्या न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये या संशोधकास ३ वर्षांची कैद आणि ३० लाख युआन दंड ठोठावला. शिक्षा झाली; परंतु विद्या शिल्लक राहिली.

या विद्येचे मोल नाकारणे अन्यायाचे होईल. सिकलसेल आजारावरील जनुकसंपादनाच्या उपचारास डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. हा बदल रुग्णापुरताच राहतो, संततीत उतरत नाही. मात्र त्याची किंमत सुमारे २२ लाख डॉलर ठरली. या आजाराचे रुग्ण गडचिरोली-नंदुरबारच्या आदिवासी पाड्यांत आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे प्रश्नाचे खरे स्वरूप कळते. आज संपत्तीची विषमता आहे. उद्या बुद्धी, बल आणि आयुर्मान हीही क्रयशक्तीनुसार मिळू लागली, तर समान नागरिकत्वास आधार कोणता उरणार?

हे सारे व्यक्तिस्वातंत्र्यावर सोडावे, असे म्हणणाऱ्यांनी महाराष्ट्राचा अनुभव आठवावा. गर्भलिंगचाचणीचा गैरवापर रोखणारा कायदा देशात प्रथम याच राज्याने १९८८ साली केला. १९९४ साली केंद्राचा कायदा आला. तरीही राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुलींची संख्या १९९१ साली ९४६ होती, ती २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ झाली. कोणा हुकूमशहाने तसा आदेश दिला नव्हता. घराघरांतील स्वतंत्र निर्णयांची ती बेरीज होती. तंत्र नवे होते. पूर्वग्रह जुनेच होते.

मग निवड सरकारच्या हाती द्यावी काय? १९२७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘अपात्र’ ठरविलेल्यांच्या सक्तीच्या नसबंदीस वैध ठरविले. आपल्याकडे १९७६ साली आणीबाणीत नसबंदीची जी सक्ती झाली, तिचे घाव प्रामुख्याने गरिबांनीच सोसले. माणसे सुधारण्याचा ठेका शासनाकडे गेला की ‘सुधारणे’ या शब्दाचा अर्थही शासनच ठरवते.

म्हणून शासनाचे काम माणूस घडविण्याचे नव्हे, तर मर्यादा राखण्याचे आहे. उपचार आणि वर्धन यांतील सीमारेषा काही ठिकाणी पुसट असेल. पण ती बंद दाराआड नव्हे, विधिमंडळात व लोकांसमक्ष आखली गेली पाहिजे. संततीत उतरणारे फेरफार निषिद्ध राहावेत, आणि सिद्ध झालेले उपचार सरकारी रुग्णालयांतून परवडणाऱ्या खर्चात मिळावेत. अर्थात, १९८८ नंतरचा अनुभव सांगतो की केवळ कायदा पुरत नाही. कोणते मूल ‘चांगले’, याविषयीच्या समाजाच्या कल्पना बदलल्या नाहीत, तर नवे तंत्र जुन्याच अन्यायाला अधिक धार लावील.