प्रस्तावना सोडू नका

परवा वसमतहून पुतणीचा फोन आला. "काका, सुट्टीत वाचायला चार-पाच पुस्तकं सांगा. गोष्टीची असली तर बरं, ते वैचारिक नको." तिचं शेवटचं वाक्य दोन दिवस मनात सलत राहिलं.

यादी दिली, पण नेहमीसारखी मिसळीची. आसाराम लोमटे यांचा 'आलोक' हा कथासंग्रह, त्याला 2016चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामासाठी अनंत भालेरावांचं 'पेटलेले दिवस'. रिधोऱ्याच्या इंद्रजित भालेरावांच्या कविता, 'पीकपाणी'. नरहर कुरुंदकरांचं 'जागर'. आणि रणजित देसाईंची शिवाजी महाराजांवरची कादंबरी 'श्रीमान योगी'.

"ती वाचलीय की!"

"प्रस्तावना?"

"ती कोण वाचतं, काका?"

त्या संध्याकाळी मी वाचनालयात जाऊन 'श्रीमान योगी'ची प्रत काढली. पानं हाताळून मऊ झालेली, कोपरे दुमडलेले. अफजलखानाच्या प्रसंगावर कुणाच्या तरी अंगठ्याचा हळदीचा पिवळा ठसा. आपल्या हळदीच्या भागातलाच वाचक. प्रस्तावनेची पानं मात्र कोरी करकरीत. फार वाईट वाटलं.

कारण ती प्रस्तावना कुरुंदकरांची आहे. मूळच्या पुतणीच्याच तालुक्यातल्या कुरुंद्याच्या, 1932 साली जन्मलेल्या माणसानं देसाईंना लिहिलेलं ते लांबलचक पत्र. महाराजांचं मोठेपण फक्त लढायांत शोधू नका, असं ते बजावतात. राजा गेल्यावरही माणसं वर्षानुवर्षं औरंगजेबाशी लढत राहिली, ती कशाच्या बळावर, हे विचारतात. हा प्रश्न मनात घेऊन कादंबरी वाचली की ओळखीचे प्रसंगही वेगळे दिसतात.

'धार आणि काठ'मध्ये मराठी कादंबरीची चिकित्सा करणाऱ्या याच माणसानं मनुस्मृतीवरही तितक्याच पोटतिडकीनं लिहिलं. गोष्ट आणि विचार अशा दोन वेगळ्या फडताळांत त्यांनी पुस्तकं कधी ठेवली नाहीत. ती वाटणी आपण केली, आणि आपल्याच मातीतला हा माणूस आपल्या पोरांना परका झाला. माझं दुखणं ते आहे.

बाकीच्या पुस्तकांवर सविस्तर लिहायचं होतं, ते पुढच्या आठवड्यात. तोवर एवढं करा: घरात 'श्रीमान योगी' असेल तर खाली काढा, आणि या वेळी प्रस्तावनेपासून सुरू करा. घरातल्या एका पोराला जवळ बसवून, मोठ्यानं.