शिरोडकरच्या दहावीचं काय झालं?

मागच्या दिवाळीत मी भाचीला ‘शाळा’ दिली. मिलिंद बोकील यांची, २००४ साली मौजेनं काढलेली कादंबरी. भाची नववीत आहे. मी अठ्ठावीसचा, पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करतो, सणावाराला गंगापूरला येतो. आमच्या घरात पुस्तक भेट द्यायची पद्धत नाही, त्यामुळे ताईला वाटलं मी बोनसमध्ये काटकसर केली.

भाचीनं तीन दिवसांत पुस्तक संपवलं. मी विचारलं, आवडलं का?

“आवडलं. पण मामा, शिरोडकरच्या दहावीचं काय झालं?”

मला उत्तर देता येईना. हे पुस्तक मी निदान पाच वेळा वाचलंय, आणि हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आणीबाणीचा काळ, मुंबईजवळचं एक निमशहरी गाव. नववीतला मुकुंद जोशी वर्गातल्या शिरोडकरच्या प्रेमात आहे. सोबत सुऱ्या, चित्रे, फावड्या अशी दोस्तमंडळी. अख्खी गोष्ट जोशी सांगतो. शेवटी शिरोडकर गाव सोडून जाते, जोशी मागे राहतो आणि त्याच्यासमोर दहावी उभी राहते. पुस्तक तिथं संपतं. वाचणाऱ्याच्या घशात आवंढा येतो, तो जोशीसाठी.

आधी या पुस्तकाचं देणं मान्य करतो. मी पूर्ण वाचलेलं हे पहिलं जाड मराठी पुस्तक. पाठ्यपुस्तकातल्या मराठीत पोरं ‘अहाहा, किती रम्य देखावा’ असं बोलायची. इथं ती आमच्यासारखी बोलत होती. शिव्या, टोपणनावं, मागच्या बाकावरचे टोमणे, सगळं होतं. आपण जे बोलतो तेही छापता येतं, हे मला या पुस्तकानं शिकवलं. इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर माझ्या प्रतीची पानं सुटेपर्यंत ती फिरली.

पण आता राग येतो, आणि त्याचं कारण माझी स्वतःची नववी आहे.

मी २०११-१२ला नववीत होतो. सुजय डहाकेंचा ‘शाळा’ सिनेमा जानेवारी २०१२मध्ये आला. थिएटरात जाऊन बघायची ऐपत नव्हती. मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून मिळायचं, त्यात तो आला. वर्गातल्या निम्म्या पोरांनी एकेका फोनवर डोकी लावून बघितला. पुढचे दोन महिने प्रत्येक जण जोशी होता आणि प्रत्येकाला एक शिरोडकर हवी होती.

माझीही होती. आठ-दहा किलोमीटरवरच्या खेड्यातून एसटीनं यायची. मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास असतो, त्यावर. बोलायची हिंमत नव्हती म्हणून मी वहीत चिठ्ठी ठेवली. चार ओळी, त्यातल्या दोन सिनेमावरून सुचलेल्या. वही तिच्याआधी तिच्या भावाच्या हातात गेली.

मला ऑफिसात बोलावलं, दोन थोबाडीत बसल्या, घरी बापानं कोळपं हाणायला शेतात पाठवलं. सोमवारी मी परत बाकावर होतो. दोस्तांमध्ये माझी किंमत वाढली होती.

ती आली नाही. परीक्षेपुरती आली, चुलता बाहेर बसून होता. दहावीच्या वर्गात तिचं नाव हजेरीत नव्हतं. दोन-अडीच वर्षांनी तिचं लग्न झाल्याचं कळलं. माझ्या चिठ्ठीमुळंच हे झालं का? घरच्यांचं आधीच ठरलं असेल आणि चिठ्ठी नुसतं निमित्त झालं असेल. पण निमित्त मीच पुरवलं.

हे एकट्या गंगापूरचं रडगाणं नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी सुमारे २२ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. पाचातली एक. वर्गात वीस मुली असतील तर चार. त्या चौघींना कुणीतरी ‘लाईन मारत’ असणार, आणि आज त्यावर कुणीतरी हळवी पोस्ट लिहीत असणार.

म्हणून मला ‘शाळा’भोवतीच्या कौतुकाचा राग येतो. ‘निरागस प्रेम’, ‘आपल्या सगळ्यांची गोष्ट’. कुणाची सगळ्यांची? ज्याला थोबाडीत खाऊन सोमवारी परत वर्गात बसता येतं, त्याची. पकडलं गेल्यावर ज्याचं फार काही जात नाही, त्यालाच निरागस राहणं परवडतं. नववीतल्या मुलीला ते परवडत नाही. कोण बघतंय, कोण घरी सांगेल, हा हिशेब तिला रोज बसस्टँडपासून करावा लागतो.

यावर उत्तर तयार असतं: अरे, गोष्ट चौदा वर्षांचा पोरगा सांगतोय, त्याला कुठून कळणार? मान्य. उलट ती बोकीलांची हुशारी आहे. जोशीला आणीबाणी अर्धवट कळते आणि शिरोडकरही अर्धवटच कळते. ‘गोष्ट मेंढा गावाची’ लिहिणाऱ्या लेखकाला समाज कळत नव्हता, असं मी म्हणणार नाही. पण चौदाचा जोशी आहे, आपण नाही. अठ्ठावीसाव्या, चाळिसाव्या वर्षी आपण जोशीच्या डोळ्यांनी बघत बसलो, तर तो दोष जोशीचा कसा?

तरी पुस्तकाला पूर्ण सोडून देणार नाही. शिरोडकरचं जाणं तिथं जोशीचं दुःख म्हणूनच येतं. ‘सैराट’चा शेवट २०१६ला बघितला तेव्हा थिएटरातली पोरं गप्प बाहेर पडली होती. तिथं किंमत दोघांनीही मोजली होती, आणि आर्चीला स्वतःची मर्जी होती. शिरोडकरचं मन मात्र जोशीच्या अंदाजातूनच आपल्याला कळतं. देशातली आणीबाणी मार्च १९७७मध्ये उठली. शिरोडकरच्या घरातली कधी उठली, ते आपण विचारलंच नाही.

‘शाळा’ वाचू नका, असं मी म्हणत नाही. भाचीकडून मी ती परत घेतलेली नाही. माझं म्हणणं एवढंच, की पुढच्या वेळी तुम्हाला नववीतली ‘ती’ आठवली, तर तिचा फ्रॉक, रिबन आणि हसणं आठवून थांबू नका. ती दहावीला बसली का, ते आठवून बघा. आठवत नसेल, तर का आठवत नाही, याचाही विचार करा. आणि तुमच्यापैकी कुणी ‘ती’ असेल, तर लिहा. जोशीची नववी आमची तोंडपाठ झालीय. शिरोडकरची नववी कुणीतरी लिहायला हवी, वाचायला मी पहिल्या रांगेत आहे.

भाचीला मी शेवटी खरं ते सांगितलं. पुस्तकात नाही आणि मला माहीत नाही. मग चिठ्ठीचंही सांगितलं. ती बराच वेळ माझ्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, “मग तुम्ही तिच्या घरी जाऊन सांगायचं ना, की तिची काही चूक नव्हती.”

हेही मला तेरा वर्षांत सुचलं नव्हतं.