रविवार कोणाचा?

ठाणे, कळवा, कल्याण, डोंबिवली येथील आपली कुटुंबे रविवारी सकाळी पवित्र मिस्सेला निघतात, तेव्हा त्यांच्याच इमारतीच्या फाटकावर एक वॉचमन बारा तासांची पाळी संपण्याची वाट पाहत उभा असतो. दिव्याच्या किंवा कळव्याच्या चाळीतून आलेली मोलकरीण त्याच वेळी जिना चढत असते, कारण रविवारी पाहुणे येणार म्हणून तिला दोन भांडी अधिकच घासावयाची असतात. हे दृश्य इतके नित्याचे झाले आहे की, त्यात काही खटकण्यासारखे आहे असे कोणास वाटतच नाही. आम्हांस मात्र ते खटकते आणि ते का खटकते हे आम्ही येथे स्पष्ट शब्दांत मांडणार आहोत. जो आपल्या घरी राबणाऱ्यास आठवड्याची एक पगारी सुट्टी देत नाही, त्याने तिसरी आज्ञा पाळली असे म्हणता येणार नाही. मग तो दर रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर का बसेना!

प्रभूचा दिवस पवित्र पाळा, एवढेच आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ करतो. परंतु निर्गमाच्या पुस्तकात ही आज्ञा मुळातून वाचावी. तेथे विश्रांती केवळ घरधन्याला सांगितलेली नाही. त्याचा दास, त्याची दासी, त्याची जनावरे आणि त्याच्या वेशीच्या आत राहणारा परका या साऱ्यांची नावे तेथे घेतलेली आहेत. अनुवादाच्या पुस्तकात तर कारणही दिले आहे: तुम्ही स्वतः मिसर देशात गुलाम होता, ते विसरू नका. म्हणजे परक्याला आणि परधर्मीयालाही विसावा मिळावा, ही आज्ञेची पुरवणी नसून आज्ञेचाच भाग आहे.

आणि हा रविवार आपल्या भागातील श्रमिकांना कोणी मिळवून दिला? नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ साली याच ठाण्यात झाला. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक विचारांचा हा कार्यकर्ता मुंबईच्या गिरण्यांतील हाल जवळून पाहत होता. त्या काळी गिरणी कामगाराला आठवड्याची सुट्टी ठाऊक नव्हती. लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांची सभा भरवून साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार अशा साध्या मागण्या त्यात होत्या. २४ एप्रिल १८९० रोजी सुमारे दहा हजार कामगार एकत्र जमले, त्या सभेत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली; आणि १० जून १८९० पासून गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. त्या कामगारांपैकी बहुतेकांच्या घरी रविवार हा खंडोबाचा वार होता. ठाण्याच्या ज्या सुपुत्राने हा दिवस झगडून मिळवला, त्याच ठाण्यात आज तो दिवस श्रमिकाच्या हातून निसटावा, ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

पुढच्याच वर्षी, १५ मे १८९१ रोजी, पोप लिओ तेरावे यांनी कामगारांच्या प्रश्नावर ‘रेरुम नोवारुम’ हे परिपत्रक प्रसिद्ध केले. रविवारच्या विसाव्याचा आग्रह त्यात आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, पोटाच्या भीतीने मजुराने जाचक अटी मान्य केल्या, तरी तो करार न्याय्य ठरत नाही, असा सिद्धान्त पोपमहोदयांनी तेथे मांडला. ८ मे २०२५ रोजी निवडून आलेल्या पोप लिओ चौदावे यांनी हे नाव का घेतले, याचे उत्तर देताना त्याच परिपत्रकाकडे बोट दाखवले. तेव्हा हा विषय कम्युनिस्टांचा आहे, व्यासपीठाचा नाही, असे म्हणणाऱ्यांनी आपल्याच ख्रिस्तसभेची शिकवण एकदा चाळावी.

आता थोडे गणित मांडू. आठवड्याचे तास १६८. कामाचा आठवडा ४८ तासांचा धरला, तर फाटकावर अहोरात्र पहारा ठेवण्यास साडेतीन माणसे लागतात. अनेक सोसायट्या दोघांवर भागवतात. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला ८४ तास येतात आणि सुट्टीचा दिवस एकही नाही. विचारले की उत्तर तयार असते: तो ठेकेदाराचा माणूस आहे, आमचा नाही. ठेकेदार हा आपल्या काळातला पिलाताचा घंगाळ झाला आहे. ज्याने त्याने त्यात हात धुवावेत. मे २०१९ मध्ये ठाण्याच्या ढोकाळी भागात एका गृहसंकुलाच्या सांडपाण्याच्या टाकीत उतरलेले तीन कामगार गुदमरून मरण पावले. टाकी कोणाची होती आणि माणसे कोणाची होती, हे प्रश्न देवापुढे वेगळे राहत नाहीत.

मोलकरणीची कथा निराळी. ती चार घरी काम करते. प्रत्येक घर म्हणते, आमच्याकडे दीड तासाचेच तर काम, त्याला सुट्टी कसली? चार घरांचे चार दीड तास आणि मधली पायपीट यांची बेरीज कोणीच करीत नाही. तीन घरांनी रविवार दिला आणि चौथ्याने नाकारला, तरी तिचा रविवार गेलाच. महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला. २०११ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने त्यांच्यासाठी आठवड्यात सलग २४ तासांच्या विश्रांतीचा दंडक घालून दिला. पण घराच्या उंबऱ्याआड निरीक्षक येत नाही. तेथे केवळ सदसद्विवेकबुद्धी पोहोचू शकते.

काही आक्षेप आम्ही नेहमी ऐकतो. ‘तिलाच सुट्टी नको असते.’ खाडा केला की पैसे कापता, मग ती सुट्टी कशाला मागेल? ‘नाताळात आम्ही साडी आणि कुस्वार देतो.’ अवश्य द्यावे, परंतु न्यायाने जे देणे लागते ते दयेच्या खात्यात मांडू नये. राखून ठेवलेल्या मजुरीचा आक्रोश प्रभूच्या कानी जातो, असे संत याकोब बजावतो. भेटवस्तूंनी तो आक्रोश थांबेल असे तो कोठेही म्हणत नाही.

एक आक्षेप मात्र खरोखर वजनदार आहे: ‘आम्हीही श्रीमंत नाही.’ हे खरे आहे. आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी तरुण वागळे इस्टेटीत, डोंबिवलीच्या एमआयडीसीत, भिवंडीच्या गोदामांत कंत्राटावर राबतात. आंबिवलीजवळ मोहने येथील एनआरसी कारखाना २००९ साली बंद पडला आणि तेथील कामगारांना हक्काच्या देण्यांसाठी वर्षानुवर्षे झुंजावे लागले. पण म्हणूनच तर आमचे हे सांगणे आहे! मालकाने आपल्या मुलाला माणूस म्हणून वागवावे असे ज्या आईबापांना वाटते, त्यांनी आपल्या स्वयंपाकघरात मालक होताना वेगळा न्याय लावू नये. मिसर देश विसरू नका, याचा अर्थ हाच.

तेव्हा तीन गोष्टी कराव्यात. एका इमारतीतील कुटुंबांनी एकत्र बसून मोलकरणीला एकच सामाईक वार सुट्टी म्हणून ठरवून द्यावा आणि त्याचे पैसे कापू नयेत. सोसायटीच्या पुढील सर्वसाधारण सभेत आपल्यापैकी कोणीतरी उठून वॉचमनच्या तासांचा व सुट्टीचा ठराव मांडावा. दर घरामागे किती रुपये वाढतात ते कागदावर मांडले, म्हणजे भीती ओसरेल. आणि चर्चचे आवार, शाळा, सभागृह येथे झाडणाऱ्या, पहारा देणाऱ्या प्रत्येकास हाच नियम लागू आहे की नाही, हे धर्मग्राम परिषदेत नि:संकोच विचारावे. तो प्रश्न विचारणारा श्रद्धावंत उद्धट ठरत नाही. तो तिसरी आज्ञा पूर्ण म्हणून दाखवीत असतो.