घरांत कुत्रें आणण्यापूर्वीं

कुत्र्याची जात निवडतांना पालक त्याचें रूप पाहतात; आमच्या मतें प्रथम त्याचा पिढीजात धंदा पाहावा. आपल्याकडील कारवानी कुत्रा सशामागें धांवण्याकरितां वाढविलेला. त्याला मोकळें रान हवें, चाळींतली गॅलरी नव्हे. लॅब्रॅडॉर हा न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांचा जुना सोबती. खेळकर मुलांत तो सहज रमतो. मात्र स्वारी खादाड! व्यायाम चुकला कीं लठ्ठ होते. सैबेरियाचा दाट केसांचा हस्की वैशाखाच्या उन्हांत ठेवणें म्हणजे तर निव्वळ छळ. गल्लींतलें गांवठी पिलूंही आम्हांस कमी वाटत नाहीं. जात कोणतीही असो, लहान मुलाजवळ कुत्र्याला एकटें सोडूं नये व रेबीजची लस चुकवूं नये. आणि विद्यार्थ्यांनो, आज "मी फिरवीन" म्हणणारा आषाढांतल्या पावसांत पहाटे उठेल काय?