काचबिंदू : ऑपरेशननंतरही दाब उतरला नाही तर?

‘‘ऑपरेशन झालं ना, आता कसली तपासणी?’’ असे म्हणत दिल्लीच्या करोलबागेतील एक निवृत्त गृहस्थ तीन महिने डॉक्टरांकडे फिरकलेच नाहीत. डोळा दुखत नव्हता, दिसतही होते. शेवटी पत्नीने हट्टाने नेले. तपासले तर डोळ्यातील दाब २८! साधारणपणे तो पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटर इतका असतो. दृष्टीची नस आधीच अधू असेल, तर तो याहूनही कमी ठेवावा लागतो.

मग ऑपरेशन वाया गेले का? नेहमीच तसे नसते. काचबिंदूच्या नेहमीच्या शस्त्रक्रियेत डोळ्यातील पाण्याला बाहेर पडायला एक नवी वाट करून देतात. पण शरीर या वाटेला जखम समजून ती भरून काढते. व्रण धरला की वाट बुजते व दाब पुन्हा चढतो. यात रुग्णाचा दोष नसतो.

पुढचे उपाय टप्प्याटप्प्याने केले जातात. पहिल्या काही आठवड्यांत डॉक्टर डोळ्याला विशिष्ट प्रकारे मालिश करून किंवा लेसरने टाका सैल करून वाट मोकळी करतात. (हे मालिश घरी मनाने करू नये.) काहींचा दाब ऑपरेशननंतरच्या स्टेरॉइडच्या थेंबांमुळेही वाढतो. तेव्हा डॉक्टर औषध बदलतात. व्रण धरला असेल तर बारीक सुईने तो मोकळा करून पुन्हा व्रण धरू नये म्हणून औषध टोचतात. गरजेप्रमाणे दाब कमी करणारे थेंब पुन्हा सुरू होतात.

एवढ्यानेही भागले नाही तर दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करतात किंवा डोळ्यात बारीक नळी बसवतात. परदेशी नळ्या महाग असतात. मदुराईच्या अरोलॅबने स्वस्त देशी नळी तयार केल्याने अनेकांची सोय झाली आहे. ही नळी सुरुवातीला विरघळणाऱ्या धाग्याने बांधलेली असते. तो धागा सुटायला पाच-सहा आठवडे लागतात. तोवर दाब चढा राहिला तर घाबरून जाऊ नये, पण थेंबही बंद करू नयेत. आणखी एक उपाय म्हणजे लेसरने डोळ्यात पाणी तयार होण्याचे प्रमाणच कमी करणे.

दिल्लीत एम्सच्या डॉ. राजेंद्र प्रसाद नेत्र केंद्रात (स्थापना १९६७) अशा रुग्णांवर उपचार होतात. दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना जुने कागद, दाबाच्या नोंदी व दृष्टिक्षेत्राचे आलेख अवश्य न्यावेत. ऑपरेशन झालेला डोळा लाल झाला, दुखू लागला, त्यातून घाण येऊ लागली किंवा एकाएकी अंधूक दिसू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. मग ऑपरेशनला कितीही वर्षे झालेली असोत.

एक कटू सत्य मात्र स्वीकारावे लागते. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. सारी धडपड असते ती उरलेली नजर राखण्यासाठी. हा आजार घराण्यात चालत येऊ शकतो, म्हणून रुग्णाच्या भावंडांनी व मुलांनीही डोळे तपासून घ्यावेत.

त्या गृहस्थांच्या डोळ्यात सुईने वाट मोकळी केल्यावर दाब १४ वर आला. आता त्यांच्या स्वयंपाकघरातील कालनिर्णयवर एकादशी-चतुर्थीच्या शेजारी लाल पेनाने आणखी काही तारखा लिहिलेल्या असतात. त्या आहेत डोळ्यांच्या तपासणीच्या!