जामीन झाल्याचं कळलं चहाच्या टपरीवर

संशोधनासाठी मी कोलकात्यात, बागबाजारात राहते. आर. जी. कर रुग्णालय इथून जवळच. ९ ऑगस्ट २०२४ ला तिथल्या डॉक्टर मुलीच्या आईवडिलांना फोनवर आधी आत्महत्या सांगितली गेली. १४ तारखेच्या मध्यरात्री शहर रस्त्यावर आलं, मीही गेले.

त्याच दिवसांत मराठवाड्यातून मामाचा फोन आला. "जयभीम पोरी. तो सुटला का गं?" जातीवरून शिवीगाळ करत मामाचा हात मोडणारा आरोपी टपरीवर चहा पीत बसलेला त्याने पाहिला होता. जामीन होऊन आठवडा उलटला होता. ठाण्यात विचारलं तर म्हणे, नोटीस घेऊन आलो होतो, घराला कुलूप होतं. मामी त्या महिन्यात उंबरठ्याबाहेर पडली नव्हती!

अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने कलम १५अ आलं. जामिनासह प्रत्येक सुनावणीची खरी आणि वेळेवर सूचना मिळणं हा पीडिताचा हक्क आहे. ती देणं विशेष सरकारी वकिलाचं किंवा राज्य सरकारचं काम आहे. जामिनाला विरोध करायचा तर पीडिताचं म्हणणं ऐकावंच लागतं. हरिराम भांभी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये हे बंधनकारक ठरवलं आणि नोटिशीशिवाय दिलेला जामीन रद्द केला. आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ नुसार कुठल्याही गुन्ह्यात तपासाची प्रगती ९० दिवसांत कळवायची आहे, मोबाइलवर कळवली तरी चालते.

पोलिसांवर कामाचा ताण आहे, मान्य. पण आरोपीला तारीख कशी बरोबर कळते? त्याचा वकील असतो, ठाण्यात उठबस असते, पाटलाचा फोन जातो. गावात पाणी जसं जातीच्या उतारावरून वाहतं, तशीच माहितीही. म्हणून कुलपाची सबब ऐकून सुनावणी पुढे जाताच कामा नये. नोटीस पीडिताच्या हातात कधी पडली, हे जामिनाच्या आदेशात लिहिलेलं हवं. नसेल तर पुढची तारीख द्यावी.

सध्या मामाच्या तारखा मी बागबाजारातून ई-कोर्ट्सवर बघते आणि आदल्या रात्री फोन करते. त्यासाठी लागणारा केसचा नंबर मिळवायला मामाला तालुक्याच्या तीन चकरा पडल्या, तीन दिवसांची मजुरी बुडाली.